डिझेल इंजिनाचे इंजेक्शन कसे जुळवावे: ज्वलन, धूर आणि कण यांचा हिशेब

काळा धूर दिसू लागला की बहुतेक ठिकाणी पहिला हात पंपाच्या टायमिंगला, म्हणजे डिझेल फवारण्याच्या वेळेला, लागतो. त्याच दिवशी डिझेल फवारणारे नोझलही बदलले जाते, जमल्यास डिझेलची मात्रा ठरवणारा पंपातला दांडा, म्हणजे रॅकही थोडा हलवला जातो, आणि मग धूर कमी झालाच तर तो नेमका कशामुळे कमी झाला हे कोणालाच सांगता येत नाही. इंजेक्शनची सेटिंग्ज एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे एका वेळी एकच बदलावे लागते; आणि कोणते आधी बदलायचे हे मर्जीवर नव्हे, तर सिलिंडरमध्ये काय घडते यावर ठरते.

उदाहरणासाठी किर्लोस्करचे टीव्ही-१ हे एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊ. याचा बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, घनफळ ६६१ घन सेंटिमीटर, कॉम्प्रेशन रेशो १७.५, ताकद १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॅट आणि इंजेक्शनचे टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या बिंदूच्या) आधी क्रँकचे २३ अंश असते. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेच इंजिन डायनामोमीटरला जोडलेले आढळते, आणि शेतातल्या पंपाला किंवा जनरेटरला जोडलेली त्याची भावंडे तर गावोगावी आहेत. ज्याला या इंजिनावर इंजेक्शन समजले, त्याला सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेलच्या, गाडीतले इंजेक्शन समजायला फारसे जड जात नाही.

हवा पुरेशी असूनही काजळी का होते

प्रथम थोडा हिशेब मांडू. दर किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरले, तर पूर्ण भारावर हे इंजिन तासाला सुमारे १३०० ग्रॅम डिझेल घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० फवारे, म्हणजे तासाला ४५,००० फवारे होतात. एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे २९ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ घन मिलिमीटर डिझेल येते. हा जेमतेम एक थेंब आहे. तेवढे डिझेल पूर्ण जळायला सुमारे ४२० मिलिग्रॅम हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये दर वेळी साधारण ६५० मिलिग्रॅम हवा आलेली असते. म्हणजे गरजेच्या दीडपट हवा आत असूनही नळीतून काळा धूर निघू शकतो, कारण हवा सिलिंडरभर असते आणि डिझेल मात्र फवाऱ्याच्या गाभ्यात एकवटलेले असते.

अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जॉन डेक यांनी लेसरच्या साहाय्याने चालू इंजिनातल्या फवाऱ्याची चित्रे घेतली आणि त्यांवरून १९९७ मध्ये जे प्रारूप मांडले, ते आजही समजुतीचा पाया मानले जाते. त्यानुसार फवारा पुढे सरकताना बाजूची गरम हवा ओढून घेतो. पण पहिले ज्वलन सुरू होते तेव्हा गाभ्यात डिझेल हवेच्या मानाने कितीतरी जास्त असते. या दाट, अर्धवट जळालेल्या मिश्रणात काजळीची बीजे तयार होतात आणि ज्योतीच्या पोटात ती वाढत जातात. ज्योतीच्या कडेला जिथे ऑक्सिजन भेटतो तिथे पातळ, अतिशय तप्त थर असतो. काजळी तिथे पोहोचली की जळते, आणि नायट्रोजन ऑक्साइडही याच तप्त भागात बनतात. बनलेल्या काजळीचा फार मोठा भाग सिलिंडरमध्येच जळून जातो. नळीतून बाहेर येतो तो जळायचा राहिलेला अंश.

म्हणून प्रत्येक सेटिंगला दोन प्रश्न विचारावेत. या बदलाने काजळी मुळात कमी बनेल का? आणि जी बनेल तिला जळायला उष्णता, ऑक्सिजन आणि वेळ मिळेल का? बहुतेक गैरसमज दुसरा प्रश्न विसरल्यामुळे होतात. शिवाय ज्या उष्णतेने काजळी जळते तिनेच नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, त्यामुळे एक कमी करायला गेले की दुसरे डोके वर काढते. केवळ इंजेक्शनच्या सेटिंगने हा पेच पूर्ण सुटत नाही. दोहोंमधला तोल कुठे साधायचा एवढेच आपल्या हातात असते.

वेळेचे मापही डोळ्यांसमोर असू द्यावे. १५०० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतो. डिझेल सिलिंडरमध्ये पडल्यापासून पेट घेईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि त्याआधी पंपापासून नोझलपर्यंत दाबाची लाट पोहोचून नोझलचे तोंड बंद ठेवणारी सुई उचलली जाण्यात आणखी काही अंश खर्ची पडतात. पंपावर २३ अंश असले तरी ज्वलन टीडीसीच्या जवळ सुरू होते ते यामुळे.

पाना उचलण्याआधी

एअर फिल्टर चोंदलेला असेल, टॅपेटचा गॅप बिघडलेला असेल किंवा कॉम्प्रेशन बसलेले असेल, तर इंजेक्शनमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. निळसर धूर दिसत असेल तर ऑइल जळते आहे, आणि ते पंपाच्या कोणत्याही सेटिंगने थांबत नाही. हे कंटाळवाणे वाटले तरी आधी तपासावे.

त्यानंतर मोजमापाची सोय करावी. डिझेलच्या नळीत एक ब्युरेट बसवून ५० घन सेंटिमीटर डिझेल किती सेकंदांत संपते ते पाहावे; वर दिलेल्या हिशेबाने पूर्ण भारावर ते सुमारे ११५ सेकंद येते. एक्झॉस्टच्या नळीत तापमान मोजणारे थर्मोकपल बसवावे. धूरमापक नसेल तर ठरावीक आकारमानाचा धूर पांढऱ्या गाळणकागदातून ओढून कागद किती काळा झाला ते पाहावे. प्रयोगशाळेतले धूरांक मोजणारे यंत्रही याच तत्त्वावर चालते. घरगुती कागदांची तुलना मात्र त्याच इंजिनावर, त्याच भारावर आणि सारख्या मुदतीत घेतलेल्या कागदांशीच करावी. हे सारे मोकळ्या हवेत करावे; बंद खोलीत डिझेलचा धूर साठू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि चाचणी घेणारा माणूस त्या नळीच्या सर्वांत जवळ उभा असतो.

नोझल आधी, टायमिंग नंतर

हा क्रम उलटा करू नये, आणि त्याचे कारण सोपे आहे. नोझलचा उघडण्याचा दाब बदलला की सुई उचलली जाण्याची वेळही बदलते. स्प्रिंग ढिली पडून दाब उतरला तर सुई लवकर उघडते आणि उशिरा बंद होते; दाब वाढवला तर ती उशिरा उघडते. म्हणजे आधी टायमिंग जुळवले आणि मग नोझल दुरुस्त केले, तर जुळवलेले टायमिंग प्रत्यक्षात सरकलेले असते.

नोझल काढून टेस्टरवर लावावे. या इंजिनासाठी उघडण्याचा दाब २०० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. हँडल दाबताना गेजची सुई कुठे झटक्याने खाली येते ते पाहावे. मग फवारा पाहावा: प्रत्येक छिद्रातून सारखा, धुक्यासारखा, लांब धार न दिसणारा फवारा आला पाहिजे. एका छिद्रातून धार आणि दुसऱ्यातून नुसता ओघळ येत असेल तर छिद्रात कार्बन बसला आहे किंवा ते झिजले आहे. शेवटी दाब उघडण्याच्या आकड्याहून २० बार कमी ठेवून दहा सेकंद थांबावे. नोझलचे टोक कोरडे राहिले पाहिजे. या सगळ्यात फवाऱ्यासमोर हात चुकूनही आणू नये. तो फवारा कातडीत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत डिझेल पसरलेले असते; असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

टोकाच्या गळतीला एवढे महत्त्व देण्याचे कारण वरच्या हिशेबात आहे. पूर्ण मात्राच ३५ घन मिलिमीटरची. त्यातला दहावा हिस्सा जरी सुई बसल्यानंतर ओघळत आला, तरी तो दाबाशिवाय, जाड थेंबांनी आणि पिस्टन खाली जात असताना आत पडतो. त्याला ना नीट हवा भेटते, ना पुरेशी उष्णता. तो अर्धवट जळतो, त्याची काजळी होते, आणि न जळालेला तेलकट भाग त्याच काजळीवर बसून बाहेर येतो. धुराच्या तक्रारींत टायमिंगपेक्षा नोझलचा दोष अधिक वेळा निघतो, असे माझे मत आहे.

उघडण्याचा दाब म्हणजे इंजेक्शनचा दाब नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. सुई उघडल्यावरही पंपातला दट्टा, म्हणजे प्लंजर, डिझेल ढकलत असतो आणि बारीक छिद्रे ते तितक्या वेगाने सोडू शकत नाहीत, म्हणून नळीतला दाब आणखी बराच चढतो. तो किती चढेल हे प्लंजरच्या वेगावर, पर्यायाने इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, जोर लावून ओढवला की काळा धूर सोडतो, त्यात या कमी दाबाचाही वाटा असतो.

मग स्क्रू आवळून दाब २०० चा २५० का करू नये? थोडा वाढवल्याने थेंब बारीक होतात, डिझेल लवकर हवेत मिसळते आणि धूर कमी होतो, हे खरे आहे. पण फार वाढवला तर सुई उशिरा उघडते, तिचा उघडा राहण्याचा काळ आखडतो, आणि थेंब इतके बारीक होतात की त्यांचा जोर लवकर ओसरून ते कडेच्या हवेपर्यंत पोहोचत नाहीत. पंप आणि नळीवरचा ताणही वाढतो. करंजाच्या तेलाचे बायोडिझेल वापरायचे असेल तर ते साध्या डिझेलपेक्षा जाड असल्याने दाब १० ते २० बारने वाढवून पाहण्यात अर्थ आहे; साध्या डिझेलला मात्र पुस्तिकेतल्या आकड्यावरच राहावे.

टायमिंग पाहण्याची रीत

डिझेलची टाकी पंपाच्या वर असावी आणि गव्हर्नरचा दांडा चालू स्थितीत, पूर्ण इंधनाकडे ठेवावा. तो बंद स्थितीत राहिला तर पुढचे काहीच दिसणार नाही. हाय प्रेशर पाइप काढावा. डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवावेत, आणि होल्डर परत बसवून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली छोटी नळी लावावी. आता नळीतून डिझेल आपल्या वजनाने वाहू लागेल. इंजिन चालते त्याच दिशेने फ्लायव्हील हळूहळू फिरवावे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेला कॉम्प्रेशनचा स्ट्रोक पकडावा. प्लंजर वर येऊन बाजूचे छिद्र झाकू लागला की धार बारीक होते, मग थेंब पडू लागतात, आणि थेंबांतले अंतर वाढत जाऊन शेवटी ते थांबतात. जिथे थेंब थांबतो ती डिझेल पाठवण्याची सुरुवात. खूण पुढे गेली तर फ्लायव्हील नुसते थोडे मागे घेऊन भागत नाही, कारण गिअरमधला ढिलेपणा आकडा चुकवतो. बरेच मागे नेऊन पुन्हा चालत्या दिशेनेच यावे. तीनदा पाहून तिन्ही वेळा खूण जुळली तरच आकडा धरावा.

फ्लायव्हीलवर अंशांच्या खुणा नसतील तर टेपने परीघ मोजावा आणि ३६० ने भागावे. उदाहरणार्थ, परीघ १८०० मिलिमीटर निघाला तर एक अंश म्हणजे ५ मिलिमीटर आणि २३ अंश म्हणजे टीडीसीच्या खुणेपासून ११५ मिलिमीटर. टीडीसीची खूण स्वतः बरोबर आहे का, हेही एकदा पडताळून घ्यावे.

वेळ बदलायची ती पंपाच्या बैठकीखालच्या शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकतीने. शिम वाढवला की पंप वर जातो, प्लंजरला छिद्र झाकायला कॅमने अधिक उचलावे लागते, आणि इंजेक्शन उशिरा होते. शिम काढला की ते लवकर होते. एका शिमने किती अंश फरक पडतो हे कॅमवर आणि शिमच्या जाडीवर ठरते, म्हणून दर बदलानंतर पुन्हा थेंब पाहूनच आकडा लिहावा. काम झाल्यावर व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग धुऊन बसवावेत, नळीतली हवा काढावी आणि मगच इंजिन चालू करावे.

चाचणीसाठी २०, २३ आणि २६ अंश ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. प्रत्येक ठिकाणी पाण्याचे आणि एक्झॉस्टचे तापमान स्थिरावू द्यावे, मग अर्ध्या आणि पूर्ण भारावर डिझेलचा वेळ, तापमान आणि धूर लिहावा. शेवटी परत २३ वर येऊन पहिलीच चाचणी पुन्हा घ्यावी. पहिले आणि शेवटचे आकडे जुळले नाहीत, तर मधल्या आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. ही एक पायरी बहुतेक प्रयोगवह्यांत गाळलेली असते, आणि ती गाळल्यामुळे हवेतला फरक टायमिंगच्या नावावर जमा होतो.

आता जे दिसेल त्याचा अर्थ. टायमिंग पुढे नेले, म्हणजे २६ अंश केले, की डिझेल पडते तेव्हा सिलिंडरमधली हवा तुलनेने थंड असते, पेट घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात जास्त डिझेल हवेत मिसळून ठेवले जाते. ते एकदम पेटते, ठोका ऐकू येतो, दाब आणि तापमान चढते. काजळी कमी बनते आणि बनलेलीला जळायला वेळही जास्त मिळतो, त्यामुळे कागद उजळ येतो. पण नायट्रोजन ऑक्साइड वाढलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. याहून पुढे गेल्यास हेड गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर मार बसतो, आणि थंड हवेत पडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवर लागून ऑइलमध्ये उतरते. टायमिंग मागे नेले, २० अंश केले, की आवाज मऊ होतो, नायट्रोजन ऑक्साइड घटतात, पण ज्वलन लांबून पिस्टन खाली जाताना चालू राहते. तापमान उतरत असते, काजळी जळायची राहते, धूर काळा होतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि ५० घन सेंटिमीटर डिझेल लवकर संपते. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर बराच वेळ रेंगाळत असेल, तर टायमिंग फार मागे गेल्याची शंका घ्यावी.

ज्या इंजिनाला पुस्तिकेत २३ अंश दिले आहेत, त्याने तेवढ्यावरही काळा धूर सोडला तर टायमिंग पुढे नेऊन तो लपवू नये. दोष दुसरीकडे आहे.

रॅकची मर्यादा

तो दोष पुष्कळदा इंधनाच्या मात्रेत असतो. जास्त जोर हवा म्हणून पूर्ण इंधनाचा थांबा पुढे सरकवला जातो. कंपनीने त्यावर शिक्का मारलेला असतो तो यासाठीच. या इंजिनात पूर्ण भारावर हवा डिझेलच्या सुमारे २२ पट असते. हे प्रमाण २० च्या खाली जाऊ लागले की ताकद थोडी वाढते आणि धूर कितीतरी अधिक वाढतो, कारण फवारा लांबतो आणि शेवटी पडणाऱ्या डिझेलला वापरलेलीच हवा भेटते. टर्बो नसलेले इंजिन उंचावर नेले तरी हाच परिणाम होतो: महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते, तेव्हा तिथे मात्रा त्याच हिशेबाने कमी ठेवावी.

सीआरडीआय गाडीत काय वेगळे

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचे डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब फेऱ्यांवर अवलंबून राहत नाही. १९९७ मध्ये बॉशची पहिली प्रवासी गाडीतली प्रणाली आली तेव्हा दाब १३५० बार होता. पुढच्या पिढ्यांत तो २००० च्या पलीकडे गेला. छिद्रे बारीक झाली, फवारा ज्योत धरण्याआधी जास्त हवा ओढू लागला, आणि काजळीचे वजन झपाट्याने उतरले. पण वजन आणि संख्या एकत्र चालत नाहीत. २०० नॅनोमीटरच्या एका कणाच्या वजनात २० नॅनोमीटरचे हजार कण बसतात, त्यामुळे मोठे कण घटून वजन कमी झाले तरी अतिसूक्ष्म कणांची संख्या वाढलेली असू शकते. म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम ही वजनाची मर्यादा आहे आणि जोडीला ६० हजार कोटी, अर्थात ६ वर ११ शून्ये, इतक्या कणांची संख्येची मर्यादाही आहे. पीयूसी केंद्रावरचा धूरमापक प्रकाश किती अडला एवढेच सांगतो. संख्या तो मोजत नाही. नळी स्वच्छ दिसणे हा कण नसल्याचा पुरावा नव्हे.

इथे सेटिंग पान्याने नव्हे, संगणकाने होते, आणि एका स्ट्रोकमध्ये अनेक फवारे असतात. मुख्य फवाऱ्याआधीचा एक-दोन घन मिलिमीटरचा पायलट फवारा ठोका कमी करतो. पण तो मोठा किंवा मुख्य फवाऱ्याच्या फार जवळ असेल, तर मुख्य डिझेल पेटलेल्या वायूत शिरते, मिसळायला वेळ मिळत नाही आणि काजळी वाढते. मुख्य फवाऱ्यानंतर लगेच दिलेला छोटा पोस्ट फवारा उरलेल्या काजळीला हलवून आणि उष्णता देऊन जाळायला मदत करतो. त्याहून बराच उशिरा दिलेला फवारा मात्र ज्वलनासाठी नसतो. तो एक्झॉस्ट तापवून एक्झॉस्टच्या मार्गात बसवलेल्या कणांच्या गाळणीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळण्यासाठी असतो. गाडी कायम छोट्या अंतरावर चालवली, तर हे जाळणे अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेले डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसली तर आनंद मानू नये, ऑइल बदलावे.

अशा गाडीत स्वतः करता येण्याजोगी तपासणी म्हणजे परतीच्या डिझेलची. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून इंजिन आयडलवर काही मिनिटे चालवावे. एका बाटलीत इतरांच्या मानाने बरेच जास्त डिझेल आले, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. दाबाच्या नळ्यांना इंजिन चालू असताना, किंवा बंद केल्यावर लगेचच, पाना लावू नये. आणि इंजेक्टर बदलला तर त्याच्या अंगावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, त्याच सिलिंडरच्या जागी भरून घ्यावा, कारण त्या कोडवरूनच ईसीयू त्या इंजेक्टरची मात्रा सुधारते; कोड न भरता गाडी ताब्यात दिली गेली, तर पायलट फवाऱ्याची एक-दोन घन मिलिमीटरची मात्रा कधी दुप्पट पडते, कधी पडतच नाही.